जन्म, विवाह आणि मृत्यूचे दाखले सांगलीत काढताना

सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागाच्या खिडकीपाशी थोडा वेळ उभे राहिले, की एका ठरावीक वळणाचा संवाद कानावर पडतो. "मुलीचा जन्माचा दाखला काढायचाय," असे अर्जदार म्हणतो. "जन्म कुठं झाला?" असे आतून विचारले जाते. "आम्ही विश्रामबागला राहतो." "राहायला कुठं ते नाही विचारलं. बाळंतपण कुठं झालं?" मग अर्जदार मागे उभ्या असलेल्या बायकोकडे वळून पाहतो आणि उत्तर येते, "माहेरी. अथणीला." तेवढ्या एका उत्तराने सांगलीतले काम संपलेले असते, कारण ती नोंद इथल्या कोणत्याही रजिस्टरात नसून कर्नाटकात असते.

या शहरात नव्याने राहायला आलेल्यांसाठी, किंवा घरातले असे काम पहिल्यांदाच अंगावर पडलेल्यांसाठी, दाखला काढण्याची रीत येथे क्रमाने सांगितली आहे. मात्र सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घेतलेली बरी. कार्यालय दाखला नव्याने "तयार" करत नाही. दप्तरात आधीपासून असलेल्या नोंदीचा तो उतारा असतो. त्यामुळे अर्ज कसा लिहावा, यापेक्षा नोंद कोणाच्या दप्तरात आहे, कोणत्या वर्षाच्या रजिस्टरात आहे आणि कोणत्या नावाने आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे घरीच शोधून मग घराबाहेर पडावे.

पहिली पायरी: दप्तर कोणाचे, ते ठरवा

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 नुसार जन्म किंवा मृत्यू ज्या ठिकाणी घडला, त्या ठिकाणच्या निबंधकाकडे त्याची नोंद होते. आई-वडील कोठे राहतात, रेशनकार्ड कोठले आहे, मतदान कोठे आहे, यांचा नोंदीच्या ठिकाणाशी संबंध नसतो. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्यामुळे वडिलांच्या गावी नोंद शोधत बसणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे.

मिरजेमुळे या गोष्टीला आणखी एक पदर जोडला गेला आहे. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये येथे मिशन रुग्णालय सुरू केले तेव्हापासून मिरज ही दवाखान्यांची पेठ झाली आणि आजही जत, कवठे महांकाळ, सांगोला, चिकोडी, अथणी अशा दूरदूरच्या भागांतून रुग्ण तेथे येतात. जतच्या एखाद्या गावातील आजोबांनी मिरजेच्या रुग्णालयात शेवटचा श्वास घेतला, तर अंत्यविधी गावी झाला तरी मृत्यूची नोंद महानगरपालिकेकडेच होते. गावच्या ग्रामपंचायतीकडे ती नसते. दाखल्यावर कायमचा पत्ता गावचा असतो, म्हणून पुष्कळ जण गावीच चकरा मारत राहतात.

याच्या उलट प्रकारही घडतो. माधवनगर, बुधगाव, हरिपूर येथील माणसे पाहुण्यांना "आम्ही सांगलीचे" असे सांगतात आणि त्यात वावगेही काही नाही. पण या गावांना स्वतंत्र ग्रामपंचायती आहेत. हरिपुरात राहत्या घरी मृत्यू झाला, तर नोंद हरिपूर ग्रामपंचायतीत होईल. तासगाव, विटा, आष्टा यांसारख्या ठिकाणी ती त्या त्या नगरपरिषदेकडे असते.

घटना जिल्ह्याबाहेर घडली असेल, तर तेथील व्यवस्था आधी समजून घ्यावी. खानापूर-आटपाडीकडील गलाई व्यवसायातील, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यातील, कुटुंबांची मुले केरळात किंवा तमिळनाडूत जन्मलेली असतात. त्यांच्या नोंदी तेथील नगरपालिकांकडे असतात. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात जन्म झाला असेल, तर बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या एफ दक्षिण विभाग कार्यालयात विचारावे लागते. कर्नाटकातील नोंदींसाठी त्या राज्याची "ई-जन्म" ही संगणकीय व्यवस्था आहे.

दुसरी पायरी: रजिस्टर कोणत्या काळातले, ते पाहा

महानगरपालिका 9 फेब्रुवारी 1998 रोजी अस्तित्वात आली. त्याआधी सांगली आणि मिरज येथे वेगळ्या नगरपालिका होत्या आणि त्यांची रजिस्टरेही वेगळी होती. म्हणून जुन्या नोंदीसाठी अर्ज करताना नुसते "सांगली" असे न लिहिता जन्म सांगलीत झाला की मिरजेत, आणि शक्य असेल तर कोणत्या पेठेत किंवा कोणत्या दवाखान्यात झाला, हे लिहावे. खिडकीतल्या माणसाला एवढे समजले, की कोणता गठ्ठा काढायचा हे त्याला लगेच कळते.

त्याहून जुन्या कागदांत जिल्ह्याचे नावच वेगळे दिसते. संस्थाने विलीन झाल्यावर 1949 मध्ये "दक्षिण सातारा" हा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले गेले. त्यामुळे 1955 सालच्या उताऱ्यावर "जि. दक्षिण सातारा" असे दिसले, तर तो दुसऱ्याच जिल्ह्याचा कागद आहे असे समजून परत करू नये. इस्लामपूरचे नाव 2025 मध्ये ईश्वरपूर झाले. तेथील जुन्या दाखल्यांवर अर्थातच जुने नाव असणार. अशा वेळी नोंदीतले ठिकाणाचे नाव बदलून मागण्याची गरज नसते आणि कार्यालयही ते बदलत नाही.

गावाकडच्या फार जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी गाव नमुना नंबर 14 मध्ये असतात. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. ही बुके ग्रामपंचायतीत नव्हे, तर बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात सापडतात. त्यांतील लेखन पुष्कळदा मोडी लिपीत असते, म्हणून नक्कल मिळाल्यावर मोडी वाचकाकडून देवनागरी लिप्यंतर करून घ्यावे लागते. कुणबी नोंदींच्या शोधामुळे अलीकडच्या वर्षांत ही बुके पुष्कळ हाताळली गेली आहेत. ज्यांना आजोबा-पणजोबांची नोंद हवी आहे, त्यांनी महानगरपालिकेच्या रांगेत उभे राहण्याआधी हा मार्ग तपासावा.

वर्षाबाबत दोन बारकावे आहेत. पहिला असा, की नोंद क्रमांक हा घटनेच्या वर्षाचा नसून नोंदणीच्या वर्षाचा असतो. डिसेंबर 28 ला जन्मलेल्या बाळाची नोंद जानेवारीत झाली असेल, तर ती पुढच्या वर्षाच्या रजिस्टरात असते. डिसेंबरची नोंद सापडत नाही असे सांगितले गेले, तर "कृपया पुढच्या वर्षाच्या जानेवारीत पाहावे" असे अदबीने सुचवावे. तेवढ्याने नोंद सापडू शकते. दुसरा बारकावा शाळेच्या दाखल्याचा. ज्येष्ठ मंडळींच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून अशी आढळली, तर ती बहुधा मास्तरांनी प्रवेशाच्या वेळी बसवलेली तारीख समजावी. त्या तारखेवर विसंबून शोध घेतल्यास नोंद मिळणार नाही. आईला, आत्याला किंवा जुन्या शेजाऱ्यांना विचारावे. "गणपती बसायच्या आधी", "त्या वर्षी कोयनेचा भूकंप झाला" अशा आठवणी तारखेपेक्षा अधिक खऱ्या निघतात. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा, म्हणजे एवढ्या एका आठवणीवर शोध एकदोन महिन्यांत आणता येतो.

तिसरी पायरी: अर्ज आणि खिडकी

अर्जात व्यक्तीचे पूर्ण नाव, आई-वडिलांची नावे, घटनेची तारीख, नेमके ठिकाण, असल्यास जुना नोंद क्रमांक, आणि प्रतींची संख्या लिहावी. अर्जदाराचे ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा यांच्या झेरॉक्स स्वतः सही करून जोडाव्यात. तारीख नक्की नसेल, तर वर्षांची मर्यादा घालून शोध मागता येतो आणि त्यासाठी वर्षागणिक शुल्क पडते. शुल्काचे दर आणि सेवा देण्याची मुदत कार्यालयातील फलकावर लिहिलेली असते. ती वाचूनच पैसे भरावेत आणि पावती जपून ठेवावी, कारण पुढच्या प्रत्येक चौकशीला पावतीवरचाच क्रमांक विचारला जातो.

अलीकडच्या नोंदी केंद्र शासनाच्या नागरी नोंदणी प्रणालीत आहेत आणि त्यांचे दाखले क्यूआर कोडसह मिळतात. संगणकावर शोधताना संकेतस्थळाचा पत्ता "जीओव्ही डॉट इन" ने संपतो की नाही, हे पाहावे. हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळे पैसे घेतात आणि खोटा दाखला देतात. तो पासपोर्टच्या पडताळणीत उघडा पडतो आणि गोत्यात अर्जदारच येतो.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली आणि गावभागापासून कित्येक घरांतील कपाटे पाण्याखाली राहिली. ज्यांचे दाखले तेव्हा भिजून गेले, त्यांनी नव्याने नोंदणी करण्याच्या फंदात पडू नये. नोंद जागेवरच असते. फक्त नवी नक्कल मागावी. भिजलेल्या कागदाचा नोंद क्रमांक वाचता येत असेल, तर तो कागद फेकू नये, सोबत न्यावा.

जन्माची नोंद: मुदती आणि नाव

रुग्णालयात जन्म झाल्यास माहिती कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते, घरी झाल्यास कुटुंबप्रमुखाची. मुदत 21 दिवसांची आहे. या मुदतीत नोंद झाली, तर पहिला दाखला विनाशुल्क मिळतो. त्यानंतर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून, आणि 30 दिवसांपासून एक वर्षापर्यंत वरिष्ठ अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने नोंद होते. एक वर्ष उलटून गेल्यावर मात्र दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. पूर्वी हा आदेश न्यायालयातून आणावा लागे. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला. या अर्जासोबत नोंद नसल्याचा दाखला, म्हणजे नमुना 10 मधील अनुपलब्धता प्रमाणपत्र, आधी मिळवावे लागते. महाराष्ट्रात 2025 मध्ये अशा उशिराच्या नोंदींची पडताळणी बरीच कडक झाली आहे, त्यामुळे शाळेचे, दवाखान्याचे आणि रहिवासाचे मूळ कागद हाताशी ठेवूनच हे काम सुरू करावे. केवळ प्रतिज्ञापत्रावर ते होईल असे कोणी सांगितले, तर त्याच्या नादी लागू नये.

याच दुरुस्तीने 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी अशा कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरण्याची तरतूद केली आहे. आपल्या पिढीचे शाळेच्या दाखल्यावर भागले. या मुलांचे भागणार नाही.

नावाचे म्हणाल, तर बारसे बाराव्या दिवशी होते आणि नोंदणीची मुदत 21 दिवसांची आहे, म्हणजे नाव ठरल्यावरही नऊ दिवस हातात राहतात. तरीही नाव कळवायचे राहून जाते आणि दाखल्यावर नावाची जागा कोरी राहते. नोंदणीपासून बारा महिन्यांत नाव विनाशुल्क दाखल करता येते आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. फार जुन्या, बिननावाच्या नोंदींसाठी राज्य शासनाने वेळोवेळी वाढीव मुदती दिल्या आहेत. त्या कार्यालयात विचाराव्यात. एकदा लिहिलेले नाव पत्रिका पाहून बदलायचे असे पुढे वाटले, तर ते सहज होत नाही. राजपत्रात नाव बदलून घेतले, तरी जन्मनोंदीतले नाव आपोआप बदलत नाही.

चुकीची दुरुस्ती

रजिस्टरातली मूळ नोंद खोडली जात नाही. अधिनियमाच्या कलम 15 नुसार निबंधक समासात दुरुस्ती लिहितो, सही करतो आणि तारीख घालतो. जुन्या रजिस्टराचे पान पाहिले असेल, तर निळ्या शाईच्या ओळीशेजारी समासात आडव्या अक्षरांत दाटीने लिहिलेला हा शेरा डोळ्यांपुढे येईल. एखादी वेलांटी चुकली असेल, तर पुराव्यासह अर्ज पुरेसा ठरतो. तपशील चुकला असेल, तर घटनेची माहिती असलेल्या दोन विश्वासू व्यक्तींचे निवेदन लागते. चूक रुग्णालयाच्या अहवालातच झाली असेल, तर आधी रुग्णालयाचे पत्र आणावे लागते, आणि हाच टप्पा सर्वाधिक वेळ खातो.

सर्वांत जास्त घोळ आईच्या नावाचा होतो. माहेरचे नाव, सासरचे नाव, काही घरांत लग्नात बदललेले पहिले नाव, अशी एकाच बाईची तीन नावे तीन कागदांवर असतात. बाळंतपणासाठी दवाखान्यात नाव घालतानाच आधार कार्डावरचे नाव अक्षरशः तसेच लिहून द्यावे. आमच्या घरातला अनुभव सांगतो. आत्या गेली तेव्हा दवाखान्याच्या कागदावर आमच्यापैकीच कोणीतरी गडबडीत "आक्काताई" लिहिले, कारण उभ्या आयुष्यात आम्ही तिला त्याच नावाने हाक मारली होती. बँकेच्या पुस्तकावर तिचे नाव शालिनी होते. या दोघी एकच आहेत हे कागदावर सिद्ध करण्यात चार महिने गेले, आणि त्यात दोष दुसऱ्या कोणाला देण्याची सोय नव्हती.

मृत्यूचा दाखला

मृत्यूच्या नोंदीचीही मुदत 21 दिवसांचीच आहे. रुग्णालयातील मृत्यूची माहिती रुग्णालय कळवते. घरी मृत्यू झाल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे नमुना 4 अ मधील मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि स्मशानभूमीची किंवा दफनभूमीची पावती जोडावी लागते. मिरजेच्या कृष्णाघाटावर असो वा अन्यत्र, अंत्यविधीच्या गडबडीत ही पावती कोणाच्या तरी खिशात जाते आणि तेराव्यापर्यंत कोणाला आठवत नाही. म्हणून एका जबाबदार माणसाकडे ती सोपवावी.

मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण लिहिलेले नसते. ते दिसू नये असे कायद्यानेच सांगितले आहे, त्यामुळे "कारण घालून द्या" असा आग्रह खिडकीवर धरण्यात अर्थ नसतो. विमा कंपनीला कारण हवे असेल, तर डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची प्रत, आणि अपघाती मृत्यू असेल तर पोलिसांकडील पंचनामा व शवविच्छेदन अहवाल, हे वेगळे कागद मिळवावे लागतात.

प्रती सुरुवातीलाच जास्त घ्याव्यात. सातबाऱ्यावर वारसनोंद, बँक, पोस्ट, विमा, निवृत्तिवेतन, रेशनकार्डातून नाव कमी करणे, विजेचे आणि पाण्याचे कनेक्शन, सोसायटीचा हिस्सा, एवढ्या ठिकाणी तो द्यावा लागतो आणि क्यूआर कोडचे युग आले तरी "मूळ प्रत आणा" हे वाक्य अजून निवृत्त झालेले नाही. सातआठ प्रती हा माझा अंदाज आहे. शेती असेल तर दोन वाढवाव्यात.

विवाहाची नोंद

विवाहाचा कायदा वेगळा आणि कार्यालयातले टेबलही बहुधा वेगळे. महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम 1998 नुसार विवाह जेथे झाला, किंवा पती अथवा पत्नी जेथे राहते, तेथील विवाह निबंधकाकडे नोंद करता येते. जन्ममृत्यूपेक्षा येथे ठिकाणाची निवड आपल्या हाती असते. नमुना "ड" मधील ज्ञापन, म्हणजे विवाहाच्या माहितीचा अर्ज, भरून त्यावर शंभर रुपयांचे कोर्ट फी स्टँप लावायचे, आणि पती, पत्नी व तीन साक्षीदारांनी निबंधकासमोर हजर राहून सह्या करायच्या. विवाह लावणाऱ्या पुरोहितांची, काझींची किंवा धर्मगुरूंची सही आधीच घेऊन ठेवावी. लग्नानंतर गुरुजींना गाठणे किती अवघड असते, हे ज्याने केले तोच जाणे. सोबत वयाचा व रहिवासाचा पुरावा, लग्नपत्रिका, विधीचा एक फोटो आणि साक्षीदारांची ओळखपत्रे लागतात. पूर्वीचा विवाह असल्यास घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा आधीच्या जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला द्यावा लागतो. विवाहापासून 90 दिवसांत गेल्यास शुल्क कमी पडते. उशीर झाला म्हणून नोंद नाकारली जात नाही.

हा कायदा लागू होण्यापूर्वी विवाहांची नोंद 1953 च्या कायद्याखाली होत असे आणि ती दप्तरे दुय्यम निबंधक कार्यालयाकडे असू शकतात. आई-वडिलांच्या विवाहाचा जुना दाखला शोधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. तसेच विशेष विवाह अधिनियम 1954 खाली, 30 दिवसांची नोटीस देऊन झालेल्या विवाहाचा दाखला विवाह अधिकाऱ्यांकडून मिळतो. त्याची नक्कल महानगरपालिकेत मागून मिळणार नाही.

काम अडले तर, आणि दाखला हाती आल्यावर

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली या सेवांना मुदत आहे. ती उलटून गेली, किंवा अर्ज फेटाळला गेला, तर 30 दिवसांत प्रथम अपील करता येते. विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अपिलाची भाषा पहिल्याच भेटीत काढू नये. आधी पावती दाखवून विचारावे, मग लेखी स्मरणपत्र आवक खिडकीवर देऊन पोच घ्यावी, आणि त्यानंतर अपील करावे. ज्याच्याकडे पोच आहे, त्याच्याशी बोलण्याचा सूर कोणत्याही कार्यालयात बदलतो.

दाखला हाती आल्यावर खिडकीपासून न हलता तो अक्षर न अक्षर वाचावा: तारीख, मधले नाव, आडनाव, आईचे नाव, आणि मराठीच्या जोडीला छापलेले इंग्रजी स्पेलिंग. टंकलेखनाची चूक त्याच क्षणी दाखवली, तर पाच मिनिटांत सुधारलेली प्रत मिळू शकते. आठवड्याने गेल्यास तीच चूक रीतसर दुरुस्तीचे प्रकरण होते. घरी नेल्यावर मूळ प्रत लॅमिनेट करू नये, कारण परदेशात वापरण्यासाठी तिच्यावर शासनाचे शिक्के घ्यायची वेळ आली तर प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही आणि पुन्हा नवी प्रत काढायला याच रांगेत यावे लागते.